ट्वायलाइट मालिका: नववीतल्या मुलीला वाचायला द्यावी का? (चारही पुस्तकांचे स्पॉयलर आहेत)

जाईची वेल

ट्वायलाइट, म्हणजे स्टेफनी मायरची माणूस मुलगी आणि व्हॅम्पायर मुलगा यांच्या प्रेमाची मालिका, तिच्या चारही पुस्तकांबद्दल बोलायचंय, आणि त्यातलं सगळंच बोलायचंय, त्यामुळे ज्यांना शेवट आधी कळलेला चालत नाही त्यांनी इथूनच परत फिरा.

निमित्त माझी भाची. नववीत आहे, मैत्रिणीकडून पहिलं पुस्तक आणलं आणि तेव्हापासून जेवताना मांडीवर, अंघोळीला जायच्या आधी बाथरूमच्या दारात, सगळीकडे तेच. ताईचा फोन आला, तू कॉलेजात वाचलेलीस ना गं ही, सांग आता, देऊ का नको. मी म्हटलं परत वाचून सांगते. महिनाभर लागून चारही वाचून काढली. माझं मत झालंय की द्यावी, पण नुसती हातात देऊन मोकळं होऊ नये, आपणही तिच्याबरोबर वाचावी. का ते सांगते.

दुसऱ्या प्रकरणात बायॉलॉजीच्या लॅबमधला प्रसंग आहे. नायिका बेला आणि तिच्या वर्गातला व्हॅम्पायर एडवर्ड एकाच मायक्रोस्कोपवर, स्लाइड कांद्याच्या मुळाच्या टोकाची, पेशीविभाजनाची कुठली अवस्था ते ओळखायचंय. आपण सायन्सवाल्यांनी हे प्रॅक्टिकल केलेलं आहे, त्यामुळे तो वास आणि ते स्टूल डोळ्यासमोर येतं. बेला बघते आणि सांगते प्रोफेज. ती स्लाइड काढायला जाते तर तो म्हणतो मी बघू का, आणि तिला थांबवायला हात पुढे करतो, त्याची बोटं बर्फासारखी गार. बघून तोही म्हणतो प्रोफेज. मग पुढची स्लाइड तो बघतो, अॅनाफेज म्हणतो, आणि आता ही म्हणते मी बघू का. बास, एवढंच आहे. पण पहिल्यांदा वाचताना मला फक्त तो गार हात दिसला होता, आता दिसलं की ही दोघं एकमेकांचं काम तपासतायत, अगदी बरोबरीने. तो शंभर वर्षं शाळेत काढलेला, ही सतरा वर्षांची, आणि त्या टेबलावर दोघं सारखे.

ही बरोबरी पुढे निसटते. तो गाडी थांबवतो, तो पोरांच्या टोळक्यातून वाचवतो, तो ठरवतो, तो सोडून जातो, तो परत येतो. आणि बेलाला ते कळतंय! पहिल्या पुस्तकाच्या शेवटी हॉस्पिटलमध्ये ती त्याला सरळ सांगते की दरवेळी मी लोइस लेन, म्हणजे सुपरमॅनने वाचवायची ती मुलगी, होणार नाही, मलाही सुपरमॅन व्हायचंय. तिची व्हॅम्पायर व्हायची इच्छा लोक प्रेमात वेडी झालेल्या पोरीचा हट्ट म्हणून सोडून देतात, मला ती बरोबरीची मागणी वाटते. चौथ्या पुस्तकात ती बदलते तेव्हा तिची ताकद काय निघते तर ढाल, दुसऱ्यांवर पसरता येणारी, आणि वोल्तुरी, म्हणजे व्हॅम्पायरांवर सत्ता चालवणारे, चालून येतात तेव्हा सगळ्यांना तीच झाकते. म्हणजे मागितलं ते मिळालं. पण ते मिळवायला तिला मरावं लागलं, आणि हा मुद्दा मला भाचीशी बोलायचाय. माणूस असताना का नाही मिळालं? त्यासाठी कुणी काय वेगळं करायला हवं होतं?

दुसरी गोष्ट म्हणजे बघणारी ती आहे. तो कसा दिसतो, कसा चालतो, आवाज कसा, हे पानंच्या पानं बेला सांगत राहते. आपण ज्या कथा-कादंबऱ्यांवर वाढलो त्यात मुलीकडे बघितलं जायचं, तिचे केस तिचे डोळे तिची साडी. इथे मुलीची नजर आहे आणि तिला स्वतःच्या इच्छेची लाज वाटत नाही. चौदाव्या-पंधराव्या वर्षी हे वाचायला मिळणं याची किंमत मला कमी करायची नाहीये, भाषा कितीही साधी असू दे.

तुमच्यापैकी कुणी मुलांबरोबर वाचलीय का? काय बोललात?

घाटमाथा

मुलीने आठवीत वाचली तेव्हा मीही वाचली, म्हणून लिहितोय. लॅबचा प्रसंग तुम्ही सांगितला तसा मी कधी पाहिला नव्हता, ते पटलं. पण बाकी मी इतका सहज हो म्हणणार नाही.

तिसऱ्या पुस्तकात बेलाला जेकबला, म्हणजे लांडगा होऊ शकणाऱ्या तिच्या मित्राला, भेटायला जायचंय. एडवर्डला ते धोक्याचं वाटतं म्हणून तो तिच्या त्या जुन्या लाल ट्रकच्या इंजिनातला पार्ट काढून ठेवतो. ती गाडीत बसते, चावी फिरवते, काही होत नाही. मग स्वतः शिकारीला जाताना बहिणीला, म्हणजे अॅलिसला, पिवळी पोर्शे देऊन बेलाला घरात ठेवून घ्यायला सांगतो. हे काळजीच्या नावाखाली कोंडून घालणं आहे. शिवाय पहिल्या पुस्तकात ओळखपाळख धड नसताना रात्री खिडकीतून येऊन तिला झोपेत बघत बसायचा, आणि हे कळल्यावर तिला बरं वाटतं!!

माझ्या मुलीच्या वर्गात एका मुलाने मैत्रिणीच्या फोनचा पासवर्ड मागितला होता आणि त्या मुलीने तो प्रेमाचा पुरावा समजून दिला. पुस्तकामुळे दिला असं मी म्हणत नाही. पण या वयात कुठली वागणूक गोड म्हणून सांगितली जातेय हे बापाने बघायचं नाही तर कुणी बघायचं? एडवर्ड देखणा आहे, पियानो वाजवतो, श्रीमंत आहे म्हणून तेच वागणं रोमँटिक ठरतं. तोच पार्ट शेजारच्या सोसायटीतल्या पोराने स्कूटीतून काढला असता तर आपण पोलिसात गेलो असतो.

खडीसाखर

मी लॉकडाउनमध्ये वाचली, तेव्हा अकरावीत होते, त्यामुळे इथल्या बहुतेकांपेक्षा माझ्या अगदी जवळची आठवण आहे. घाटमाथा काका, इंजिनचा पार्ट आम्हाला पण खटकतो हो! आमच्या ग्रुपमध्ये त्या प्रकरणावर रात्री दोनपर्यंत भांडण झालेलं. आणि एक सांगू का, पुस्तक तिथेच थांबत नाही, बेला त्याचं ऐकून गप्प बसत नाही, ती मोटरसायकलवर जेकबच्या मागे बसून जातेच, आणि नंतर एडवर्डच नमतो, स्वतः तिला व्हॅम्पायर आणि लांडगे यांच्या हद्दीपर्यंत सोडायला लागतो. त्याने वागणं बदललं हे पण त्याच पुस्तकात आहे. पुरेसं बदललं का हा वेगळा विषय.

मला पण दुसऱ्या पुस्तकाबद्दल बोलायचंय कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. एडवर्ड सोडून जातो, ती जंगलात पडून राहते, आणि मग पान उलटलं की फक्त ऑक्टोबर. पुढचं पान नोव्हेंबर. डिसेंबर. जानेवारी. मधे काहीच नाही, कोरी पानं. मला आधी वाटलं पीडीएफ खराब आहे. मग कळलं आणि मी पुस्तक बाजूला ठेवून दिलं थोडा वेळ. त्या वर्षी आमच्या घरात आजोबा गेले होते आणि मला खरंच कितीतरी दिवस आठवत नव्हते, लोक विचारायचे काय करतेस दिवसभर आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. कुणीतरी ते बरोब्बर छापून ठेवलेलं होतं. लोक म्हणतात बॉयफ्रेंड गेला म्हणून चार महिने वाया घालवणारी हिरॉइन कसली, पण दुःख कशासाठी होतंय यावरून त्याची लायकी ठरवायची का? तिचे बाबा चार्ली, पोलीस चीफ, कमी बोलणारा माणूस, तो तिला रात्री ओरडत उठताना ऐकतो आणि शेवटी म्हणतो तुला आईकडे पाठवतो. त्याचं ते हतबल होणं मला एडवर्डपेक्षा जास्त लागलं.

डोंगरझाड

मी या सगळ्यात वयाने मोठा, आणि मुळात भुताखेताच्या गोष्टींचा वाचक. धारप, मतकरी यांच्यावर पोसलेला. सुनेने आणून दिलं म्हणून पहिली दोन वाचली. भय म्हणून यात फारसं काही नाही, उन्हात चमकणारा रक्तपिपासू मला झेपला नाही हे खरंय. पण एका जागी मी थबकलो.

एडवर्डचा जन्म १९०१ चा, शिकागोतला, आणि १९१८ च्या स्पॅनिश फ्लूमध्ये तो मरायला टेकलेला असतो. आईवडील दोघंही त्यातच जातात. आई मरताना डॉक्टर कार्लाइलला, जो स्वतः व्हॅम्पायर आहे, विनवते की तुमच्या हातात असेल ते करून याला वाचवा, आणि तो त्याला व्हॅम्पायर करतो. म्हणजे हा मुलगा सतरा वर्षांचा का राहिला तर त्या साथीमुळे. ती साथ आपल्याकडे मानमोडी म्हणून ओळखली गेली. मुंबईत १९१८ च्या जूनमध्ये आली आणि नंतरच्या लाटेत देशभरात एक कोटीच्या वर माणसं गेली, आणि त्यातही धडधाकट तरणी माणसं मोठ्या संख्येने गेली हे तिचं वैशिष्ट्य. आमच्या आजीचे दोन भाऊ त्यात गेले, धाकट्याची नुकती मुंज झालेली. आजी त्यांची नावं घ्यायची तेव्हा ते कायम तेवढेच असायचे, तिच्या सत्तराव्या वर्षीसुद्धा धाकटा भाऊ मुलगाच.

आपल्याकडे पिंपळावरचा मुंजा तसाच, मुंज झालेला, लग्न न झालेला, इच्छा राहून गेलेला आणि वय थांबलेला. आपण त्याला भ्यायलो, पार बांधून त्याच्यापुढे दिवा लावला. या बाईंनी त्याला शाळेत आणून बसवला आणि एका मुलीला त्याच्याशी बोलायला लावलं. मला हे धाडस आवडलं. दुसऱ्या पुस्तकाची सुरुवातही बघा, बेलाला स्वप्नात आजी दिसते, एडवर्ड शेजारी उभा, आणि मग कळतं की समोर आरसा आहे, सुरकुतलेली ती स्वतःच आणि तो तसाच सतरा वर्षांचा. अठराव्या वाढदिवसाच्या सकाळचं स्वप्न आहे हे. वय वाढण्याची धास्ती तरुण मुलीला एवढी असते हे मला माहीत नव्हतं.

पाऊसवेडी

मी सिअॅटलजवळ राहते, मूळची सावंतवाडीची. पुस्तकातली गोष्ट जिथे घडते त्या फोर्क्सला तीनदा-चारदा जाणं झालंय, पाहुणे आले की कुणाला ना कुणाला जायचंच असतं. सिअॅटलहून फेरी धरून आणि मग १०१ नंबरच्या हायवेने चार तास सहज लागतात. साडेतीन हजाराच्या आसपास वस्तीचं गाव, लाकूडतोडीवर जगलेलं. नव्वदच्या दशकात ठिपकेवाल्या घुबडाच्या संरक्षणासाठी जुन्या जंगलांतली तोड थांबली आणि धंदा बसत गेला. मग २००५ मध्ये हे पुस्तक आलं. स्टेफनी मायर अॅरिझोनात राहायची, तिला २ जून २००३ ला स्वप्न पडलं, कुरणात एक मुलगी आणि चमकणारा मुलगा बोलतायत, तेच आता तेरावं प्रकरण आहे. तिला अमेरिकेतली सगळ्यात पावसाळी जागा हवी होती, इंटरनेटवर शोधलं आणि फोर्क्स मिळालं. लिहिलं तेव्हा तिने गाव पाहिलेलंही नव्हतं. २०१० मध्ये तिथे सत्तर हजारांच्या वर लोक येऊन गेले. माहिती केंद्राच्या बाहेर बेलाचा म्हणून लाल ट्रक उभा असतो, सप्टेंबरात उत्सव भरतो.

पावसाचं सांगते. वर्षाला तीन हजार मिलिमीटर, आमच्या आंबोलीत त्याच्या दुपटीपेक्षा जास्त पडतो. पण आंबोलीचा चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, हा ऑक्टोबर ते मे रोज थोडाथोडा, करड्या उजेडात, झाडांवर हातभर शेवाळ. पुस्तकातला मूड तिथे गेल्यावर लगेच कळतो. चित्रपटात दिसतं ते गाव मात्र हे नव्हे, पहिल्याचं शूटिंग बरंचसं ऑरेगनमध्ये झालंय.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. फोर्क्सपासून पंचवीसेक किलोमीटरवर ला पुश आहे, जेकबचं गाव. क्विलायूट जमात खरी आहे, ही खरी माणसं आहेत, आणि पुस्तकात त्यांचं खरं नाव वापरलंय. त्यांच्या उत्पत्तीकथेत क्वाती नावाचा रूप बदलणारा येतो आणि लांडग्यांची माणसं करतो, तिथून ही जमात सुरू होते. पुस्तकात उलटं केलं, माणसांचे लांडगे केले, वर व्हॅम्पायरशी जुनं वैर चिकटवलं. त्यांच्या परंपरेत व्हॅम्पायर नाहीत. त्यांना विचारलं गेलं नाही आणि जगभर त्यांच्या नावाने जे टीशर्ट, दागिने विकले गेले त्यातून त्यांच्या हाती काही आलं नाही. सिअॅटलच्या बर्क म्युझियमने जमातीबरोबर मिळून खरं काय आणि पुस्तकातलं काय यावर वेबसाइट केली होती, ती मुलांना जरूर दाखवावी.

आणि त्यांचा खरा प्रश्न कुठलाय तर समुद्र. जमातीची जमीन एक चौरस मैलाच्या आसपास, एका बाजूला नदी, समोर पॅसिफिक, आणि त्सुनामीच्या पट्ट्यात. शाळा अक्षरशः किनाऱ्यावर होती. ला पुशच्या फर्स्ट बीचवर उभं राहिलं की वाहून आलेले अख्खे ओंडके पडलेले असतात, एकेक इतका जाड की माझ्या नवऱ्याला दोन्ही हातांनी कवेत येत नव्हता, आणि हे ओंडके लाटांनी वर फेकलेत हे लक्षात आल्यावर शाळेकडे बघवत नाही. २०१२ मध्ये कायदा होऊन ऑलिम्पिक नॅशनल पार्कातली सातशे पंच्याऐंशी एकर जमीन त्यांना मिळाली, त्यातली काही उंचावरची, आणि २०२२ मध्ये नवी शाळा वर सुरू झाली. भाचीला पुस्तक द्याच, पण जेकब वाचताना हेही सांगा. एडवर्डचं वागणं मुली स्वतः पकडतात, खडीसाखरने लिहिलंच आहे. क्विलायूट लोकांबद्दल मात्र पुस्तकाच्या आतून काही पकडता येत नाही, बाहेरूनच सांगावं लागतं.

अबोली

मी शाळेच्या लायब्ररीत आहे. ही पुस्तकं आमच्याकडे कपाटात राहत नाहीत, परत आली की दुसरी उभी असते. दोन गोष्टी सांगते फक्त.

एक, लग्न. या मालिकेत लग्नाआधी काही नको म्हणून अडून बसलेला एडवर्ड आहे, आणि लग्नच नको म्हणणारी बेला, कारण तिने आईवडिलांचा घटस्फोट पाहिलाय. शाळा संपल्यावर लगेच लग्न म्हणजे तिला शरमेची गोष्ट वाटते. आपल्या मुलींना हे फार वेगळं वाटतं आणि त्या यावर खूप बोलतात, मी गट करून बोलू दिलंय, आयांनी पण करून बघा.

दोन, तिसऱ्या पुस्तकात रोझलीची, म्हणजे एडवर्डच्या व्हॅम्पायर कुटुंबातल्या मुलीची, ती माणूस असतानाची कहाणी येते. लग्न ठरलेलं असतं, होणारा नवरा आणि त्याचे मित्र दारू पिऊन रस्त्यात तिच्यावर अत्याचार करून मरायला टाकून जातात. वर्णन उघडं नाहीये, पण काय झालं ते समजतं. नववीतल्या मुलीने हे पान एकटीने उलटू नये. त्या आधी घरात कुणीतरी वाचलेलं असावं आणि शेजारी असावं. रोझली बेलाला हे का सांगते तर तू जे टाकून द्यायला निघालीयेस ते मला मिळालं नाही, म्हातारं होणं, मूल, नातवंडं. संपूर्ण मालिकेत बेलाला विरोध करणारा सगळ्यात मजबूत आवाज तिचा आहे.

घाटमाथा

अबोलीताई, रोझलीबद्दल अगदी सहमत, ते प्रकरण आम्ही दोघांनी एकत्र वाचलं होतं, मुलगी बराच वेळ काही बोलली नाही आणि मग तिने तिच्या बसमधली एक गोष्ट मला सांगितली जी तोपर्यंत घरात माहीत नव्हती. त्या एका गोष्टीसाठी मी या पुस्तकाचे आभार मानतो.

पण चौथं पुस्तक? जेकबला बेलाच्या तान्ह्या मुलीशी जन्माची गाठ पडल्यासारखं होतं, आणि तिसऱ्यात त्याच्या मित्राला, क्विलला, दोन वर्षांच्या क्लेअरशी. आत्ता भाऊ, मग मित्र, मग मोठी झाल्यावर नवरा, असं त्याचं समर्थन आहे. त्या मुलीला निवड कुठे आहे? यावर मला कुणाचंही समर्थन पटलेलं नाही.

खडीसाखर

काका, त्यावर समर्थन नाहीच करत आहे. आमच्यातली टीम जेकबवाली, म्हणजे एडवर्डऐवजी जेकबच्या बाजूची, मैत्रीण पण तिथे पुस्तक मिटून बसली होती. ते चूक आहे आणि लेखिकेला ते गोड वाटलं हे जास्त त्रासदायक आहे.

जाईची वेल

सगळ्यांचं वाचून ताईशी काल तासभर बोलले. पहिली तीन आत्ता, मी आणि ताई दोघीही बरोबर. रोझलीच्या प्रकरणाला मी नाशिकला जाऊन राहणार आहे. चौथं दहावी झाल्यावर. त्यातलं गरोदरपण आणि बाळंतपण, पोटातल्या पोराने आईच्या बरगड्या मोडणं, ती रक्त पिणं, हे मला आत्ता तिला द्यायचं नाहीये, आणि घाटमाथा म्हणतायत ते तान्ह्या मुलीचं तर मुळीच सोडून देण्यासारखं नाही, त्यावर तिच्याशी भांडायला ती थोडी मोठी हवी.

घाटमाथा, स्कूटीचं उदाहरण मी तिला जसंच्या तसं विचारणार आहे, उत्तर न सांगता. आणि पाऊसवेडी, ला पुशच्या शाळेचं मी तिला रात्रीच सांगितलं, तिने नकाशा उघडून ती जागा शोधली आणि विचारलं की मग जेकबचं घर किती उंचावर होतं. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

एक प्रश्न राहिला. २०२० मध्ये एडवर्डच्या बाजूने लिहिलेलं आलंय, तेच पहिलं पुस्तक त्याच्या तोंडून. पहिलं झालं की लगेच ते द्यावं का? ती मागतेय.

खडीसाखर

लगेच नको. ते मला खूप आवडतं, पहिल्याच दिवशी वर्गात तिच्या रक्ताच्या वासाने तो अख्ख्या वर्गाला मारून टाकायचा हिशेब करत बसतो आणि मग अलास्कात पळून जातो, ते प्रकरण फार भारी लिहिलंय. पण त्यात त्याच्या प्रत्येक वागण्याचं कारण आपल्याला आतून दिसत राहतं, रात्री खिडकीतून येण्याचं सुद्धा, आणि कारण दिसलं की आपण माफ करत सुटतो. बेलाला ती सोय नव्हती, तिला फक्त समोर दिसणाऱ्या वागण्यावरून ठरवायचं होतं. भाचीला तिन्ही पुस्तकं बेलाच्या जागेवरून वाचू दे, इंजिनच्या पार्टवर तिचं मत होऊ दे, मग द्या. सातशे पानांच्या आसपास आहे, सुट्टीत द्या.